पोटातलं पाणी नारळातून येत नाही

परळच्या नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहात १९२६ पासून लालबाग-परळच्या कितीतरी पिढ्या जन्माला आल्या. आजही तिथून किंवा शेजारच्या केईएम रुग्णालयातून सोनोग्राफीचा कागद हाती घेऊन निघालेल्या बाईला 'पाणी जरा कमी आहे' एवढं कळलं की घर कामाला लागतं. सासूबाई नारळपाण्याचा रतीब लावतात, आई फोनवरून 'तांब्याभर पाणी उशाशी ठेव' म्हणून सांगते. माया खरीच असते, पण आई पिते ते पाणी थेट पाणमोटेत जाऊन साचत नाही.

पहिल्या तीनेक महिन्यांत गर्भजल मुख्यतः आईच्या रक्तातल्या द्रवातून पाझरतं. पुढे बाळाची मूत्रपिंडं कामाला लागतात आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात हे पाणी बहुतांशी बाळाची लघवी असते. थोडा भाग त्याच्या फुफ्फुसांतून येतो. लघवी म्हटल्यावर किळस यायचं कारण नाही, कारण बाळाच्या शरीरातली टाकाऊ द्रव्यं वार आणि नाळेवाटे आईच्या रक्तात जातात. बाळ हेच पाणी गिळतं, पुन्हा बाहेर टाकतं, आणि त्या उलाढालीत ते कायम बदलत राहतं. साधारण ३४ व्या आठवड्याला ते सुमारे ८०० मिलिलिटर असतं. दिवस भरत आले की आपोआप घटतं, म्हणून नवव्या महिन्यातला आकडा आठव्यापेक्षा कमी दिसला तर लगेच धसका घेऊ नये.

पाणी खरोखरच कमी असेल, तर विचारायचा प्रश्न 'का?' हा आहे. आईचा रक्तदाब वाढलेला असला किंवा वार नीट पुरवठा करत नसली, तर बाळ आपलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं. मूत्रपिंडांच्या वाट्याला कमी रक्त येतं, लघवी कमी होते, पाणी घटतं. कधी बाळाच्या मूत्रमार्गातच अडथळा असतो. कधी पाणमोटेला बारीक चीर पडून पाणी झिरपत असतं. म्हणून डॉक्टर रक्तदाब बघतात, बाळाचं वजन मोजतात, डॉपलर सोनोग्राफी करायला सांगतात. दुसरं कारण सापडत नसताना आईनं भरपूर पाणी प्यायलं तर मोजमाप थोडं वाढतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. एप्रिल-मेच्या मुंबईत तर पाणी प्यायलाच हवं, साधं किंवा नारळाचं. पण त्यानं वार सुधारत नाही, आणि नारळपाण्याच्या भरवशावर पुढची तपासणी लांबवणं धोक्याचं आहे.

उलट, पाणी जास्त म्हणजे बाळ धष्टपुष्ट, असंही ऐकू येतं. पाणी फार वाढण्यामागे आईचा मधुमेह असू शकतो, किंवा बाळाची अन्ननलिका वा आतडं बंद असल्यानं त्याला ते गिळता येत नसेल.

'बाळ पोटात पाणी प्यायलं' हे वाक्य प्रसूतिकक्षाबाहेर ऐकलं की नातेवाईक हादरतात. बाळानं पाणी पिणं ही रोजचीच गोष्ट आहे. दिवस भरत आलेलं बाळ दिवसाला पाव ते पाऊण लिटर गिळतं, आणि त्यातूनच त्याचं आतडं तयार होतं. छातीत पाणी आत-बाहेर होत असताना फुफ्फुसं वाढतात. चौथ्या-पाचव्या महिन्यातच पाणी अतिशय कमी पडलं तर ती अपुरी राहू शकतात. चिंता असते ती बाळानं पोटातच शी केली आणि ते हिरवट पाणी श्वासाबरोबर फुफ्फुसांत गेलं तर. अशी सगळीच बाळं आजारी पडत नाहीत, पण त्यांच्यावर नजर ठेवावी लागते.

पाणमोट फुटणं म्हणजे सिनेमात दिसतो तसा लोंढा, ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. पुष्कळदा कपडे नुसते ओलसर होत राहतात आणि बाई ती लघवीच समजते. लघवी बरीचशी रोखता येते आणि तिला वास असतो. हे पाणी रोखता येत नाही. शंका आली की पॅड लावून, त्याचा रंग लक्षात ठेवून दवाखाना गाठायचा. कळा सुरू झाल्या नसल्या तरीही. वेळ जाईल तसा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सदतिसावा आठवडा पूर्ण झालेला नसेल किंवा पाणी हिरवट, रक्ताळ असेल तर एक तासही घरी थांबू नये. मात्र 'पाणी गेलं, आता बाळ गुदमरेल' ही भीतीही चुकीची आहे. बाळाला प्राणवायू नाळेतून मिळतो आणि नवं पाणी तयार होतच राहतं.

गर्भजल परीक्षेबद्दल मुंबईत बोलताना आवाज आजही खाली येतो, आणि त्याला कारण आहे. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी शहरातल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा त्यातले ४२ जण ही परीक्षा लिंग कळावं म्हणून करत होते. स्त्री संघटना आणि कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, १९८८ मध्ये महाराष्ट्रानं लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यामुळे ही तपासणीच बेकायदा आहे असं अनेकांना वाटतं. गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा आणि सांगण्याचा. पंधराव्या आठवड्यानंतर, सोनोग्राफीत बघत, बारीक सुईनं साधारण २० मिलिलिटर पाणी काढून गुणसूत्रांचे दोष किंवा थॅलेसेमिया शोधणं कायदेशीर आहे. केईएमच्याच आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहेमॅटॉलॉजीत थॅलेसेमियाचं गर्भावस्थेतलं निदान होतं. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर लाजेपोटी ही परीक्षा टाळणं म्हणजे माहिती मिळवण्याचा आपलाच हक्क सोडणं.

जन्मानंतर 'पोटातली घाण' धुवायची घाईही तशीच अनाठायी. जागतिक आरोग्य संघटना पहिली आंघोळ २४ तासांनंतर घालायला सांगते. बाळाला कोरडं पुसून आईच्या छातीवर ठेवतात, पण त्याचे हात मुद्दाम पुसत नाहीत. त्या हातांना गर्भजलाचा वास असतो आणि आईच्या स्तनाग्राचा वास त्याच्याशी मिळताजुळता असतो. २००७ मध्ये युनिसेफ आणि ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडियाच्या महाराष्ट्र शाखेनं हाच 'ब्रेस्ट क्रॉल' चित्रफितीतून दाखवला: त्या वासाच्या आधारानं नवजात बाळ सरपटत स्वतः स्तनापर्यंत पोचतं.