मुंबईत एकट्याने फिरायचंय? आधी गर्दीची दिशा ओळखा

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालेला माणूस सकाळी सीएसएमटीला उतरतो. पाठीवर सॅक, हातात फोन, सोबत कुणी नाही. समोरून लोकलमधून उतरलेले हजारो लोक अंगावर येतात आणि मुंबई एकट्याने फिरण्यासारखी नाही, असं त्याला पहिल्या पाच मिनिटांतच वाटू लागतं.

प्रत्यक्षात गर्दी सगळीकडे आणि सगळ्या वेळी सारखी नसते. तिला दिशा असते आणि वेळही असते.

मुंबई उभी आणि चिंचोळी आहे. कामाची जुनी ठिकाणं दक्षिणेच्या टोकाला, राहती वस्ती उत्तरेला. त्यामुळे सकाळी साधारण 8 ते 11 लोकलचे लोंढे चर्चगेट आणि सीएसएमटीकडे वाहतात, तर संध्याकाळी साडेपाचनंतर बोरिवली, विरार, ठाणे, कल्याणकडे. पाहुण्याने याच्या बरोबर उलट जायचं. मुक्काम दक्षिण मुंबईत असेल, तर सकाळी चर्चगेटहून बोरिवलीला निघावं. बऱ्याचदा खिडकीची जागाही मिळते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरहून जास्त लेणी आहेत. मात्र परतताना संध्याकाळी दक्षिणेकडचीच गाडी धरायची. दक्षिणेतली ठिकाणं, म्हणजे काळा घोडा, ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह, दुपारसाठी ठेवावीत.

आता लोकलचा नकाशा. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून, मध्य रेल्वे सीएसएमटीहून. हार्बरही सीएसएमटीहूनच सुटते, पण पनवेल आणि गोरेगावकडे जाते. पश्चिम आणि मध्य यांची मोठी गाठ दादरला पडते. नवखे फसतात ते नावांत. माटुंगा स्टेशन मध्य रेल्वेवर, माटुंगा रोड पश्चिमेवर. शिवाय प्रत्येक स्टेशनला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू. चुकीच्या बाजूला उतरलं, तर पूल ओलांडून पुन्हा मागे. पत्ता विचारताना म्हणूनच ‘ईस्ट का वेस्ट’ हे आधी विचारावं.

इंडिकेटरवर एफ म्हणजे फास्ट, एस म्हणजे स्लो. फास्ट गाडी मधली बरीच स्टेशनं सोडते. गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरण्यासाठी चढणं हा धाडसी प्रकार आहे, असं रोजचे प्रवासीही सांगतील. पाहुण्याला घाई नसते, त्याने स्लोनेच जावं.

डबा नीट बघून चढायचं. फर्स्ट क्लास आणि महिलांच्या डब्यांवर बाहेरून तिरके रंगीत पट्टे असतात, आणि ते डबे जिथे थांबतात तिथे प्लॅटफॉर्मवरही खुणा असतात. सेकंड क्लासचं तिकीट काढून चुकून फर्स्टमध्ये शिरलं, तर दंड बसतो. एकटीने फिरणाऱ्या मुलींना दिवसा महिलांचा डबाच सोयीचा. रात्री उशिरा त्या डब्यात पोलिस आहे का ते पाहावं. तो नसेल आणि डबा रिकामा असेल, तर जनरल डबा बरा.

आणि दारात उभं राहायचं नाही. रील कितीही छान येत असलं तरी नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात किमान 4 जणांचा जीव गेला. ते हौशी नव्हते, रोजचे होते. कामावर जाणाऱ्याला ही गाडी सोडली तर उशीर होतो, फिरायला आलेल्याला होत नाही. दोन गाड्या सोडा, तिसरीत चढा.

लोकल नकोच असेल, तर 2025च्या ऑक्टोबरपासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आहे. विमानतळ, सिद्धिविनायक, सीएसएमटी, चर्चगेट एकाच मार्गावर. सामान घेऊन येणाऱ्याला हा पर्याय सगळ्यात सुटसुटीत. रिक्षा मात्र माहीम आणि सायनच्या पुढे दक्षिणेत येत नाही, तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस.

राहण्यासाठी मुंबई सेंट्रल स्टेशनवर 2021 मध्ये सुरू झालेलं पॉड हॉटेल एकट्यापुरतं पुरे.

जेवणाचा प्रश्न तर नाहीच. या शहरात एकटं जेवणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. माटुंग्याला, म्हणजे मध्य रेल्वेच्या, स्टेशनसमोर 1942 पासूनचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. तिथे केळीच्या पानावर जेवण मिळतं. धोबीतलावला 1904 पासूनचं कयानी आहे. इराण्याकडे समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस येऊन बसला, तर दचकू नये. टेबल वाटून घेणं ही इथली जुनी रीत आहे.

समुद्राच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. भरतीच्या वेळी हाजी अलीची वाट पाण्याखाली जाते, त्यामुळे निघण्याआधी त्या दिवशीची भरतीची वेळ बघावी. 2016 मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडला खडकावर सेल्फी काढताना एक तरुणी समुद्रात पडून बुडाली. त्यानंतर पोलिसांनी शहरात नो-सेल्फी झोन ठरवले. एकटा माणूस ओल्या खडकावर घसरला, तर हाक मारायलाही शेजारी कुणी नसतं.

गेटवेहून घारापुरीला बोटीने साधारण तासभर लागतो. सोमवारी तिथली लेणी बंद, आणि राष्ट्रीय उद्यानही बंद.

शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास, पहिली पहाटे चारच्या आसपास. मधल्या वेळात काळी-पिवळी मीटरवर मिळते, पण मध्यरात्रीपासून पहाटे 5 पर्यंत भाडं सव्वापट. अडचण आली तर रेल्वेत 139, बाहेर 112.