प्रोग्रॅमिंग पाठ करून येत नाही!

कोल्हापूर - दहावी-बारावीला पाठांतराच्या बळावर उत्तम गुण मिळविणारे अनेक विद्यार्थी अभियांत्रिकी, बीसीए किंवा संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात 'सी' आणि 'डाटा स्ट्रक्चर' या विषयांपाशी अडखळतात. विषय मागे राहिला, की पुढील सत्राचे ओझे वाढते आणि नोकरीसाठीच्या मुलाखतींतही त्याचा फटका बसतो. बहुतेकदा याचे मूळ अभ्यासाच्या जुन्या सवयीत असते.

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या परिक्षेत्रात कोल्हापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालये येतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना तेथे प्रथम इंग्रजीचेच दडपण येते. वास्तविक डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅबमध्ये घडविलेल्या 'सी'च्या पहिल्या अमेरिकी मानकात राखीव शब्द होते अवघे ३२! कस लागतो तो तर्काचा.

कागदावर चालवा

पाच घरांच्या 'अॅरे'त घरांचे क्रमांक ० ते ४ असतात. 'लूप' चुकून ५ पर्यंत नेल्यास प्रोग्रॅम राखून ठेवलेल्या जागेबाहेर जातो. कंपायलर बहुधा तक्रार करीत नाही. उत्तर मात्र बिघडू शकते. अशी चूक केवळ वाचून सापडत नाही. कागदावर तक्ता आखून प्रत्येक फेरीला 'व्हेरिएबल'ची किंमत लिहीत गेले, म्हणजे ती नेमकी दिसते. डाटा स्ट्रक्चरमधील 'लिंक्ड लिस्ट'ही चौकोन व बाण काढून समजून घेतली, तर 'पॉइंटर'ची धास्ती निम्म्याने कमी होते.

वही मिटा, आठवा

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मजकूर पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना तो पाच मिनिटांनी अधिक आठवला. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी सरस ठरले. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे वाचन का दगा देते, हे यावरून उमगते. कुस्तीचे डाव नुसते पाहून कोणी मल्ल होत नाही, तालमीची माती अंगाला लावावीच लागते, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको.

हे जरूर करा

- रोज किमान एक छोटा प्रोग्रॅम स्वतः टाइप करून चालवा. मित्राचा उतरवून घेऊ नका.
- प्रॅक्टिकलला जाण्यापूर्वी उत्तराचे टप्पे मराठीत लिहून पाहा.
- कंपायलरने दाखविलेल्या चुकांपैकी पहिली आधी सुधारा. पुढच्या अनेक तिच्यामुळेच आलेल्या असतात.
- झालेल्या चुकांची वेगळी वही ठेवा.
- चालू प्रोग्रॅममध्ये एक बदल करा आणि काय होईल, याचा अंदाज आधी बांधा.
- अर्धा तास प्रयत्न करूनही अडल्यास शिक्षकांना विचारा. प्रश्न साठवू नका.

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात 'सी'चे पाठ मराठीतूनही विनामूल्य उपलब्ध आहेत. मात्र ते पाहतानाही हात की-बोर्डवर हवा. सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून रोज एक तास दिल्यास शेवटच्या आठवड्यातील जागरण टळू शकते.