स्कूबाचे नवे साहित्य: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्कूबाच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरलेला असतो, हा या खेळाबद्दलचा सर्वांत पसरलेला गैरसमज. प्रत्यक्षात त्यात आपण रोज घेतो तीच हवा असते, म्हणजे साधारण 21 टक्के ऑक्सिजन आणि बाकीचा जवळजवळ सगळा नायट्रोजन. ती गाळून, कोरडी करून, सुमारे 200 बार दाबाने आत कोंबलेली असते. निव्वळ ऑक्सिजन भरला, तर सहा मीटरच्या खाली तो विषारी ठरू लागतो आणि डायव्हरला पाण्यातच झटके येऊ शकतात. जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अकरा लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये सुमारे 2,200 लिटर हवा मावते. ती किती वेळ पुरेल हे मात्र सिलिंडरवर ठरत नाही. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका बारने वाढतो, त्यामुळे वीस मीटरवरचा प्रत्येक श्वास पृष्ठभागावरच्या तिप्पट हवा खातो. मिनिटाला वीस लिटर हवा घेणारा डायव्हर तिथे 50 बार राखीव ठेवून अर्धा तासही काढू शकत नाही. मोठा सिलिंडर घेण्यापेक्षा शांतपणे श्वास घ्यायला शिकणे त्याला जास्त फायद्याचे.

दुसरा गैरसमज खरेदीचा: छंद लागला की सगळा संच एकदम घ्यावा. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात प्रशिक्षकाच्या हाताला धरून केलेल्या पहिल्या डुबकीत पर्यटकाला स्वतः काहीच हाताळावे लागत नाही. त्या आनंदाच्या भरात लाखभर रुपयांची खरेदी करण्यात अर्थ नाही. प्रमाणपत्राचा कोर्स झाल्यावर आणि वर्षाला निदान एक-दोन सहली होणार असतील तरच साहित्याचा विचार करावा. तेव्हाही क्रम असा असावा: आधी मास्क, मग स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर, मग वेटसूट आणि फिन्स, त्यानंतर रेग्युलेटर आणि बीसीडी, म्हणजे हवा भरून-सोडून पाण्यातले तरंगणे सांभाळणारे जॅकेट. सिलिंडर आणि कमरेला बांधायचे शिसे विकत घ्यायची गरज बहुतेकांना कधीच पडत नाही. भरलेला सिलिंडर विमानात नेता येत नाही, आणि डायव्ह सेंटरवर तो डायव्हबरोबर मिळतोच.

मास्कच्या बाबतीत किमतीवर जाण्याची सवय सर्वांत जास्त फसवते. मास्क महाग आहे म्हणून गळत नाही असे नसते, तो चेहऱ्याला बसला तरच गळत नाही. त्याची परीक्षा दुकानातच होते. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलकासा श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क जागेवर चिकटून राहिला तर तो आपला. घसरला तर कितीही नावाजलेला असो, परत ठेवावा. गळणारा मास्क पट्टा करकचून आवळला की थांबेल, ही समजूतही उलटी आहे. जास्त ताणाने सिलिकोनची कड वाकडी होते आणि गळती वाढते. मिशी असलेल्यांना नाकाखालच्या कडेतून थोडे पाणी येतेच. नाकाच्या लगतची एक बारीक पट्टी काढली की फरक पडतो. कडेखाली अडकलेली केसांची एखादी बटही तेवढाच त्रास देते.

पोहण्याचा गॉगल डायव्हिंगला का चालत नाही, हा प्रश्न नेहमी येतो. खाली जाताना मास्कच्या आतली हवा दबते आणि मास्क चेहऱ्याला ओढला जातो. नाकातून थोडी हवा सोडून तो दाब सारखा करावा लागतो. गॉगलमध्ये नाकच बाहेर असल्याने ते शक्य नसते. पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात म्हणून चष्म्याची गरज उरत नाही, हेही खरे नाही. वस्तू मोठी दिसली तरी अंधूक असेल ती अंधूकच राहते. पन्नाशीपुढच्या डायव्हरला मासे दिसतात, पण मनगटावरचे आकडे वाचता येत नाहीत, आणि ते आकडे माशांपेक्षा महत्त्वाचे असतात. नंबरच्या काचा बसवता येणारे मास्क सहज मिळतात.

मास्क नवा असला की त्यावर धुके धरणार नाही असे वाटते. उलट नव्या काचेवरच ते जास्त धरते, कारण कारखान्यातून येताना काचेवर सिलिकोनचा न दिसणारा थर बसलेला असतो. साधी पांढरी टूथपेस्ट, जेलची नव्हे, बोटाने काचेच्या आतल्या बाजूला गोल-गोल घासावी, धुवावी आणि पुन्हा घासावी. दोन-तीनदा तरी हे करावे लागते. एवढे केल्यावरही प्रत्येक डायव्हच्या आधी धुकेरोधक द्रव किंवा बेबी शाम्पूचा थेंब लावायचा असतोच. काचेवर आधीच खास लेप दिलेला असेल तर मात्र टूथपेस्ट लावू नये, लेप खरवडला जातो. म्हणून डब्यातले माहितीपत्रक आधी वाचावे.

वेटसूट अंग कोरडे ठेवत नाही. त्वचा आणि निओप्रिन यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उबेने तापतो आणि सूट त्याला बाहेर जाऊ देत नाही. सूट सैल असेल तर हे पाणी सतत बदलत राहते, म्हणून दुकानात किंचित घट्ट वाटणारे मापच बरोबर. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेते. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरच्या 27-28 अंशांच्या पाण्यातही तासाभरात हुडहुडी भरू शकते. तिथे तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. जाड सूट घेतला की तो जास्त तरंगतो आणि कमरेला जास्त शिसे बांधावे लागते. फिन्सचेही असेच: लांब आणि कडक फिन्सनी वेग वाढत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात.

बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहील, अशी हमी ते देत नाही. वर येण्यासाठी त्यात हवा भरायची असते, हा तर धोकादायक गैरसमज. वर येताना दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि वेग हाताबाहेर जातो. प्रत्यक्षात फिन्स मारत वर यायचे असते आणि बीसीडीतून हवा थोडी-थोडी सोडायची असते. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ-दहा मीटरच्या पुढे जाऊ द्यायचा नसतो. खरेदी करताना बीसीडी वेटसूट घालूनच अंगावर चढवून बघावे. पूर्ण हवा भरल्यावर छाती आवळली गेली तर माप लहान आहे.

रेग्युलेटरचा मूळ आराखडा 1943 मध्ये फ्रान्समध्ये एमिल गान्यां आणि जाक कुस्तो यांनी सिद्ध केला, आणि तत्त्व आजही तेच आहे. सिलिंडरवरचा पहिला टप्पा 200 बारचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा साधारण नऊ-दहा बार जास्त इतपत खाली आणतो. तोंडातला दुसरा टप्पा तो भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतका करतो. स्वस्त रेग्युलेटर धोकादायक असतो, असे अनेकांना वाटते. युरोपातल्या ईएन 250 मानकावर उतरलेला साधा रेग्युलेटर चाळीस मीटरच्या मनोरंजक डायव्हिंगला पुरेसा असतो. जास्त पैसे जातात ते खोलवर आणि थंड पाण्यातही श्वास सहज मिळावा म्हणून. खरा प्रश्न जोडणीचा आहे. सिलिंडरला शिकंज्यासारखी पकड घालणारा योक आणि आट्यांनी आत बसणारा डीआयएन असे दोन प्रकार आहेत. डीआयएन जास्त दाबाला चालतो आणि त्याची ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, आत सुरक्षित बसते. पण भारतातल्या सेंटरांवर योकचे सिलिंडर मोठ्या प्रमाणावर दिसतात, म्हणून डीआयएन घेणाऱ्याने योकचा अडॅप्टर बॅगेत ठेवावा.

नळ्या जोडताना चुकीची नळी चुकीच्या छिद्रात बसेल ही भीती निराधार आहे. जास्त दाबाच्या आणि कमी दाबाच्या छिद्रांचे आटे वेगवेगळ्या मापाचे असतात. म्हणून ही जोडणी घरी पाना घेऊन करावी, असेही नाही. पहिल्या टप्प्यातून बाहेर पडणारा दाब मापकावर बघून बसवावा लागतो आणि ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचे. डब्यातून आलेला नवा रेग्युलेटरही त्याच्याकडून एकदा तपासून घ्यावा.

डाइव्ह कॉम्प्युटर रक्तातला नायट्रोजन मोजत नाही. तो खोली आणि वेळ मोजतो आणि एका गणिती नमुन्याने अंदाज बांधतो. डायव्हर दमलेला आहे, रात्री झोप झालेली नाही किंवा त्याच्या अंगात पाणी कमी आहे, यातले काहीच त्याला कळत नाही. दोघांत एक कॉम्प्युटर म्हणूनच चालत नाही. आधीच्या डायव्हचा नायट्रोजन प्रत्येकाच्या अंगात वेगळा असतो. बसवणीतही एक सापळा आहे. नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा, घेतली की जास्त खोल जाता येते असे मानले जाते. उलट 32 टक्क्यांच्या मिश्रणाची मर्यादा साधारण 33 मीटर आहे. त्याचा फायदा खोलीत नसून वेळेत मिळतो. आणि तो कॉम्प्युटरमध्ये 32 हा आकडा घातला तरच मिळतो. सिलिंडर नायट्रॉक्सचा आणि कॉम्प्युटर हवेवर ठेवलेला असेल, तर तो वाढीव वेळ तर दाखवत नाहीच, ऑक्सिजनची मर्यादा ओलांडल्याचा इशाराही देत नाही.

शरीराच्या वजनाच्या दहा टक्के शिसे, हा नियम तोंडोतोंडी चालतो. तो फार तर सुरुवातीचा अंदाज आहे. खरी चाचणी पाण्यात होते. बीसीडी पूर्ण रिकामे करून, छातीत नेहमीइतका श्वास धरून उभे राहिल्यावर पाणी डोळ्यांच्या रेषेत यावे, आणि श्वास सोडल्यावर अंग सावकाश खाली जावे. ही चाचणी भरलेल्या सिलिंडरने केली असेल तर दोनेक किलो वाढवावे लागतात, कारण डायव्हभर वापरलेल्या हवेचेही वजन असते, आणि ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की वर ओढू लागतो. पुण्यातल्या तरणतलावात जुळवलेले वजन मालवणला कमी पडते. समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणजे साहित्यासह नव्वद किलोंच्या माणसाला दोन किलोंहून जास्त शिसे वाढवावे लागते. जास्त शिसे म्हणजे जास्त सुरक्षितता, असे मानणारा नवखा डायव्हर बीसीडी फुगवत आणि रिकामे करत डायव्ह संपवतो आणि हवा इतरांच्या आधी संपवतो.

जोडणीच्या वेळी सिलिंडरचा पट्टा आधी ओला करावा. कोरडा असताना घट्ट केलेला पट्टा पाण्यात सैल पडतो आणि सिलिंडर पाठीवरून घसरतो. व्हॉल्व्हचे तोंड डायव्हरच्या पाठीकडे हवे. मुख्य नळी उजव्या खांद्यावरून, बीसीडीची नळी डावीकडून घ्यावी. हवा उघडण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करता येते. पहिल्या टप्प्याची टोपी लावलेली असताना तोंडातून हवा ओढून बघावी. काहीच येता कामा नये. आली तर कुठेतरी फट आहे. मग टोपी काढून पहिला टप्पा सिलिंडरला बसवावा आणि दाब दाखवणारे गेज चेहऱ्यापासून दूर धरून व्हॉल्व्ह सावकाश उघडावा.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाव फेरी मागे घ्यावा, ही जुनी शिकवण अजून ऐकू येते. ती सोडून द्यावी. घाईत दिशेचा घोळ होतो आणि कोणी तरी बंद व्हॉल्व्ह पाव फेरीच उघडा ठेवतो. बोटीवर श्वास नीट येतो, गेजही भरलेले दिसते. पंधरा मीटरवर मात्र हवेची मागणी वाढते आणि श्वास जड होतो. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी गेजकडे बघत तीन-चार खोल श्वास घ्यावेत. काटा प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत येत असेल, तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे.

नव्या साहित्याची पहिली डुबकी नव्या ठिकाणी, खोल पाण्यात आणि मोठ्या सहलीच्या पहिल्याच दिवशी नसावी. तरणतलाव किंवा चार-पाच मीटरचा शांत किनारा पुरे. तिथे बकल कुठे आहे, हवा सोडायची दोरी कुठे लोंबते, दुसऱ्याला द्यायचा पिवळा रेग्युलेटर कुठे अडकवला आहे, हे न बघता हाताला सापडेपर्यंत सराव करावा.

डायव्हनंतर गोड्या पाण्याने धुताना पहिल्या टप्प्याची टोपी पुसून कोरडी करून घट्ट बसवावी आणि दुसऱ्या टप्प्याचे बटण दाबू नये. दाबले तर पाणी उलटे आत जाते. वर्षात दोनदाच वापरला, म्हणून रेग्युलेटरला सर्व्हिसिंग लागत नाही, असे नसते. रबरी कड्या कपाटातही कडक होतात आणि राहिलेले मीठ गंज धरवते. पावसाळ्यात चार महिने बंद राहिलेला रेग्युलेटर ऑक्टोबरच्या पहिल्या सहलीआधी सिलिंडरला लावून तपासावा, आणि दोन वर्षे हात न लावलेला असेल तर तंत्रज्ञाकडे नेल्याशिवाय पाण्यात नेऊ नये.