वेरूळ-अजिंठ्याची सहल निवडताना

छत्रपती संभाजीनगरला दोनच दिवसांसाठी जाणार असाल, तर माहितीपत्रकातील स्थळांची संख्या पाहून सहल निवडू नये. वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, बीबी-का-मकबरा, पाणचक्की हे सारे एका दिवसात दाखविणाऱ्या सहलीत ज्येष्ठांचा वेळ मुख्यतः गाडीत चढण्या-उतरण्यात जातो.

आमच्या मते एक दिवस केवळ वेरूळला द्यावा. चौतीस लेण्यांपैकी सोळावे, म्हणजे आठव्या शतकातील कैलास, प्रवेशद्वारासमोरच आहे. कारागीर हा कातळ वरून खाली कोरत आले. अंगणात सावलीला टेकून शिखराकडे पाहिले की ते काम उमगते. कड्यावर चढून पाहण्याची हौस नातवंडांनी भागवावी! दौलताबादची चढण आणि तेथील अंधारी टाळावी; पायथ्याचा चांदमिनार पुष्कळ झाला.

अजिंठा सुमारे १०० किलोमीटरवर आहे, त्याला दुसरा दिवस हवा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, तेव्हा वार आधी जुळवावेत. अजिंठ्याला पायऱ्या आहेत. डोलीची चौकशी आधीच करावी.

आयोजकांना पहिला प्रश्न स्वच्छतागृहांचा विचारावा. त्या धास्तीने अनेक ज्येष्ठ सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी चालू असल्यास उन्हात त्यांना भोवळ येऊ शकते. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

उन्हातून लेण्यात शिरताच डोळ्यांपुढे अंधारी येते. उंबऱ्याशी त्यांचा हात धरून दोन मिनिटे थांबावे. मग चित्रेही दिसू लागतात आणि पायाखालची पायरीही.