रात्रपाळीनंतरची झोप

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी माझी बहीण लेकीला घेऊन आमच्याकडे जेवायला आली होती. भाची सरकारी रुग्णालयात मेडिसिनची निवासी डॉक्टर आहे. पुरणपोळीचा दुसरा घास घेतला आणि पोरीची मान ताटावरच कलली. बहीण धसकली. मी म्हटले, "झोपू दे तिला." छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतरची झोप मी ओळखतो.

संध्याकाळी चहा घेताना भाची म्हणाली, "मामा, दमायचं काही नाही रे. पण हल्ली कुणी दगावलं तरी मला काहीच वाटत नाही. त्याचीच भीती वाटते."

मी १९८४ साली निवासी डॉक्टर होतो. वॉर्डात खाटा चाळीस, रुग्ण सत्तर. उरलेले खाली गादीवर. पावसाळ्यातल्या एका रात्री खेड्यातून चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा आला. जमिनीवर झोपला असताना मण्यार चावली होती. मण्यारीच्या दंशाची खूणही कित्येकदा दिसत नाही. पोटात दुखतेय म्हणत होता, मग पापण्या मिटू लागल्या, पहाटे श्वास मंदावला. प्रतिविष दिले, नळी घातली. पण वॉर्डातला एकुलता एक व्हेंटिलेटर दुसऱ्याला लावलेला. मग मी, एक इंटर्न, वॉर्डबॉय आणि मुलाचा चुलता, असे चौघे आळीपाळीने हाताने श्वासाची पिशवी दाबत बसलो. दोन रात्री. झोप येऊ नये म्हणून मी गाणी म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी मुलाने पापणी हलवली. मण्यारीच्या विषाने अंग लुळे पडते, माणूस मात्र अनेकदा शुद्धीवर असतो, सगळे ऐकत असतो. घरी जाताना पोरगा म्हणाला, "डाक्टर, तुमी लई बेसूर गाता."

त्या दिवशी मी खोलीवर जाऊन सलग बारा तास झोपलो. तशी सुखाची झोप पुन्हा फारशी लागली नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात एक बाई गेली. तिच्या गटाचे रक्त वेळेवर मिळाले नाही. नातेवाइकांनी माझी कॉलर धरली. त्यांचे चुकले असे आजही म्हणवत नाही. सकाळी राउंडला सरांनी एवढेच विचारले, "पेपर पूर्ण आहेत ना?" नंतर कित्येक महिने खिडकीजवळच्या त्या खाटेकडे जाताना माझ्या पोटात गोळा यायचा. याबद्दल मी कुणाशी बोललो नाही. लग्नानंतर बायकोशीही नाही.

तेव्हा याला काही नाव असते हेही ठाऊक नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली. हा आजार नव्हे, कामाच्या जागच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम, असे ती म्हणते. लक्षणे तीन : शक्ती संपणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. भाचीचे वाक्य दुसऱ्या लक्षणातले.

नियम नाहीत असे नाही. निवासी डॉक्टरांनी साधारणतः आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक काम करू नये, असे केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये शिफारस केली ती ७४ तासांच्या मर्यादेची आणि एका साप्ताहिक सुटीची. म्हणजे बत्तीस वर्षांत कागदावरचे तासही सव्वीसने वाढले! हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून आहे. तरी धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाली आणि मार्च २०१७ मध्ये राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. तेव्हा रुग्णांचे हाल झाले, हेही खरे.

तासांचे गणित महत्त्वाचे आहेच. पण त्या दोन रात्री मी घड्याळ पाहिले नव्हते, आणि खिडकीजवळच्या खाटेपाशी एकेक मिनिट जड जायचे. त्या सकाळी सरांनी खांद्यावर हात ठेवून कॅन्टीनमध्ये चहाला नेले असते, तर? माझ्या पिढीतले आम्हीच पुढे 'सर' झालो आणि कितीजणांना चहाला नेले, हे मी स्वतःला विचारू धजत नाही.

मण्यारीची गोष्ट मी भाचीला सांगितली. ती खूप दिवसांनी मोकळी हसली, आणि मग रडली.

परवा तिचा फोन आला. मानसोपचार विभागातल्या एका मॅडमकडे ती जाऊ लागली आहे. वॉर्डात कुणाला माहीत नाही, घरीही नाही. डॉक्टरने डॉक्टरकडे जायचे तेही चोरून! हे लिहू का, असे विचारले तर म्हणाली, "लिही. नाव नको घालूस."

"अगं, तुझी आई रविवारचा पेपर पहिल्या पानापासून वाचते."

"वाचू दे. मला सांगावं लागणार नाही."