गाडी मागे का जाईना?

दोस्तांनो, समजा शनिवारची सकाळ आहे. साडेदहाला आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. मोतीबिंदूची तपासणी आहे, आणि ही वेळ मोठ्या मुश्किलीने मिळालीय. गाडी रात्रीपासून बोळात उभी आहे, नाक भिंतीकडे करून. म्हणजे बाहेर पडायचं तर मागेच जायला हवं. आई किल्ली फिरवते, क्लच दाबते, गिअरचा दांडा रिव्हर्सकडे नेते आणि... कर्रर्र! पुन्हा एकदा. पुन्हा कर्रर्र! आजी सारखी घड्याळ बघतेय. शेजारचे काका खिडकीतून ओरडतात, "वहिनी, जरा जोर लावा, जाईल!"

थांबा! जोर मुळीच लावायचा नाही. ती करकर म्हणजे गिअरचे लोखंडी दाते एकमेकांवर घासल्याचा आवाज. दाते झिजले किंवा तुटले, तर गिअरबॉक्स उघडावा लागतो आणि खिशाला मोठी चाट बसते. इथे हाताचं नाही, डोक्याचं काम आहे.

आधी सांगा, इंजिन तर एकाच दिशेने फिरतं. मग गाडी उलटी कशी जाते?

हे घरीच बघता येईल. सोड्याच्या बाटलीची पत्र्याची तीन बुचं घ्या. एका फळीवर ती ओळीने, कडा एकमेकींत अडकतील अशी मांडा आणि मधोमध खिळे ठोका. (खिळे ठोकताना मोठ्यांना बोलवा. बुचं सैल फिरली पाहिजेत.) आता पहिलं बूच फिरवा. दुसरं उलट दिशेने फिरेल. आणि तिसरं? ते पुन्हा पहिल्यासारखंच! म्हणजे दोन दातेरी चाकांच्या मध्ये तिसरं घुसवलं, की शेवटच्या चाकाची दिशा बदलते. रिव्हर्स गिअर म्हणजे हेच मधलं तिसरं चाक.

आता खरी गंमत. पुढे जायच्या गिअरची चाकं एकमेकांत कायमची अडकलेली असतात. गिअर टाकताना त्यांचा वेग जुळवून देणारी एक खास कडीही असते. तिला 'सिंक्रोमेश' म्हणतात. कॅडिलॅक गाड्यांमध्ये ती 1928 साली आली. पण पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला ही सोय नसते. तिथे मधलं चाक सरकत येऊन दोघांच्या दातांत शिरतं. त्याचे दाते सरळ कापलेले असतात, म्हणून तर गाडी मागे जाताना घूंऽऽ असा आवाज येतो! अशा वेळी दोन अडचणी येतात. एक तर दात्यासमोर दाता येतो, किंवा आतली चाकं अजून फिरत असतात.

चला तर मग, गुप्तहेर होऊ या. दांड्याला हात मात्र आईनेच लावायचा. हँडब्रेक ओढलेला हवा आणि गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभं नको.

पहिली पायरी : क्लच पूर्ण दाबून मनात तीन आकडे मोजायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. तेवढ्यात आतली चाकं थांबतात.

दुसरी पायरी : तरी जात नसेल, तर क्लच दाबलेलाच ठेवून आधी पहिला गिअर टाकायचा आणि तिथून रिव्हर्स. पहिल्या गिअरची कडी फिरणारी चाकं थांबवते. किंवा न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबायचा. चाकं थोडी फिरतात आणि दात्यांना खाच सापडते.

तिसरी पायरी : काही गाड्यांत दांडा खाली दाबावा लागतो, काहींत त्याच्याखालची कडी वर उचलावी लागते. भरवेगात चुकून रिव्हर्स पडू नये, म्हणून केलेलं हे कुलूप! नवी गाडी असेल तर हे विसरायला होतं.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची. इंजिन बंद करून रिव्हर्स टाकून बघायचा. दाता दात्यासमोर आला असेल म्हणून दोन-तीनदा बघायचा. बंद गाडीत गिअर सहज पडतो, पण चालू गाडीत करकरतो? मग चोर गिअरबॉक्समध्ये नाही, क्लचमध्ये आहे! क्लच नीट सुटत नाहीये, म्हणून इंजिन आतली चाकं फिरवतच राहतंय. केबल सैल झाली असेल किंवा क्लचचं तेल कमी झालं असेल. आणि बंद गाडीतही दांडा अडला, तर दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी बघायला मिस्त्रीच बोलवायला हवा. (चाचणी झाली की आधी न्यूट्रल, मगच किल्ली. नाही तर गाडी उडी मारेल!)

आपल्या गाडीत काय झालं? इंजिन बंद असताना गिअर सुरळीत पडला. म्हणजे क्लच! मग तुम्ही वाकून आईच्या पायाशी बघता, तर काय? काल धुऊन टाकलेली रबरी मॅट दुमडून क्लचच्या मागे अडकलीय. पेडल खालपर्यंत जातच नव्हतं! मॅट ओढून काढली आणि रिव्हर्स पडला की अलगद. काकांचा जोर ऐकला असता, तर दात्यांचा भुगा आणि आजीची वेळही गेली असती.

सगळ्याच गाड्या इतक्या सहज सुटत नाहीत. नाहीच पडला गिअर, तर सरळ रिक्षा करायची, आजीला वेळेवर पोचवायचं आणि मिस्त्रीला निरोप द्यायचा. यात कसला आलाय कमीपणा!

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. रिव्हर्स पडला की मागे पांढरा दिवा लागतो. तो दिसला की गाडीच्या मागून पळत जायचं नाही, चेंडू आणायलासुद्धा नाही. काचेतून आईला तुम्ही दिसालच असं नाही. 'येऊ दे, येऊ दे' म्हणायचंच असेल, तर बाजूला, आरशात दिसाल असं उभं राहून म्हणा.

जाता जाता एक कोडं. विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत हे मधलं चाक नसतंच, तरी त्या मागे जातात. कशा? तुमच्या खेळण्यातली साधी मोटर सेलला जोडा, मग तारा उलट्या करून जोडा. उत्तर हातातच फिरेल!