गाळलेले पाणी आणि आर्सेनिक

डभोईतील आपल्या घरोघरी पाणी गाळून घेण्याची, व कित्येक कुटुंबांत ते उकळून पिण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गाळल्याने केरकचरा व जीवजंतू दूर राहतात, उकळल्याने रोगजंतू नाहीसे होतात. तथापि पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकावर हे दोन्ही उपाय चालत नाहीत. मीठ जसे फडक्यातून पाण्याबरोबर उतरते, तसेच हे विषही उतरते. आणि उकळताना पाणी आटले की त्याचे प्रमाण उलट वाढते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

हे विष पुष्कळदा भूगर्भातील खडकांतूनच पाण्यात येते. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडातील अंबागड चौकी भागात कौडीकसा गाव आहे. तेथील भूजलातील आर्सेनिकाचा प्रश्न १९९९ च्या सुमारास उजेडात आला. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने त्वचेवर डाग पडतात, तळहात व तळपाय खरखरीत होतात आणि पुढे कर्करोगाचाही संभव असतो. भारतीय मानकानुसार १,००० लिटर पाण्यात १० मिलिग्रॅमहून अधिक आर्सेनिक असू नये.

ते काढावे कसे? पाण्यात प्रथम योग्य प्रमाणात ब्लीचिंग पावडर मिसळतात. त्यायोगे सहज हाती न लागणारे आर्सेनिक पकडता येण्याजोग्या रूपात येते. मग फेरिक क्लोराइडसारखा लोहक्षार घातला असता तांबूस साका तयार होतो. विष त्याला चिकटते आणि साका वाळूच्या थरात अडकतो. अर्थात गाळणे येथेही आहेच, परंतु विष आधी साक्याला बांधून. लहान वस्तीसाठी लोहऑक्साइडाच्या किंवा सक्रिय ॲल्युमिनाच्या दाण्यांनी भरलेली टाकीही वापरतात. पाणी तीतून जाताना आर्सेनिक दाण्यांवर राहते.

मात्र दाण्यांची शक्ती कालांतराने संपते आणि चवीवरून ते कळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत वेळोवेळी तपासणी अवश्य हवी. निरुपयोगी दाणे व साका शेतात वा तलावात टाकल्यास ते विष पुन्हा पाण्यात उतरू शकते. त्यांची सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते.

आपले सभासद कूपनलिका व पाणपोया बांधून देतात, हे भूषणावह आहे. परंतु नामफलक बसविला की कर्तव्य संपले असे नव्हे. आपण दुकानाचा वजनकाटा ठरल्या मुदतीत तपासून घेतो. दान दिलेल्या पाण्याची तपासणी त्याहून अगत्याची होय. देणगीच्या रकमेतच तपासणीचा व देखभालीचा कायम खर्च बाजूला काढून ठेवावा, अशी आमची सर्व बंधुभगिनींस विनंती आहे.